काठीस बंदूक : खाजगी बचावाच्या हक्कात हत्याराच्या नावाचे स्थान

शेताच्या धुऱ्यावरून दोन घरांत तंटा होतो. एका पक्षाच्या हातात काठ्या असतात. दुसऱ्या पक्षातील एकाच्या हातात कुऱ्हाड असते. काठीचा घाव डोक्याच्या रोखाने येतो, कुऱ्हाड चालते आणि काठीवाला मरतो. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात राहणाऱ्या कोणासही हे चित्र अपरिचित वाटणार नाही. अशा खटल्यात पहिला प्रश्न बहुधा हत्यारांच्या तुलनेचा निघतो. समोर नुसती काठी होती, मग कुऱ्हाड कशास? समोर दगड होते, मग बंदूक कशास? हा प्रश्न लोकांच्या न्यायबुद्धीतून आपोआप उमटतो आणि तो सर्वस्वी गैर आहे असेही म्हणता येत नाही. तथापि भारतीय दंडविधीने तो ह्या स्वरूपात विचारलेला नाही. दंडविधीचा प्रश्न निराळा आहे : त्या क्षणी त्या मनुष्यास कोणत्या इजेची वाजवी धास्ती होती, आणि ती टाळण्यास त्याने केले तेवढे अवश्य होते काय?

ह्या दोन प्रश्नांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, विधिज्ञ नव्हे. म्हणून निर्णयांची शास्त्रीय चिकित्सा करण्यापेक्षा ‘काठी’, ‘लाठी’, ‘शस्त्र’, ‘हत्यार’ ह्या नामांनी कायद्याच्या ग्रंथांत आणि न्यायालयांत कोणते काम केले, ह्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, कायदा मुख्यतः क्रियेकडे पाहतो. व्यवहाराची भाषा मात्र त्यास वारंवार नामाकडे ओढते. ह्या ओढाताणीत एखाद्या मनुष्याची निर्दोष सुटका, काही वर्षांची शिक्षा किंवा जन्मठेप ह्यांपैकी काय वाट्यास येईल हे ठरत असते.

१. आततायी

आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रात ह्या विषयाचा विचार ‘आततायी’ ह्या शब्दाभोवती झाला. आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेऊन आलेला, आणि धन, क्षेत्र व दारा ह्यांचे हरण करणारे, असे सहा आततायी स्मृतिपरंपरेत गणलेले आहेत. चालून येणाऱ्या आततायीस मारताना विचार करीत बसू नये, असा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील आदेश प्रसिद्ध आहे. ह्या सहांपैकी पाच जण कृत्यावरून ओळखले जातात. एकटा ‘शस्त्रपाणी’ तेवढा हातातील वस्तूवरून ओळखला जातो. नाम आणि क्रिया ह्यांचा पेच येथेच बीजरूपाने दिसतो.

ह्या आदेशाचा सर्वांत सूक्ष्म विचार विज्ञानेश्वराने केला. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) आश्रयास असताना त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. हे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, पुढे मराठवाड्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. आततायी ब्राह्मण असल्यास काय करावे, असा प्रश्न टीकाकारापुढे होता. त्याचा निष्कर्ष असा की, स्वतःच्या किंवा इतरांच्या रक्षणासाठी, मारण्याचा हेतू न धरता आततायीचे निवारण करीत असता तो अनवधानाने मेला, तर प्रायश्चित्त हलके आणि राजदंड नाही. ब्राह्मणासाठी वेगळा विचार करावा लागणे ही त्या समाजव्यवस्थेची मर्यादा होय. परंतु ‘निवारण’ आणि ‘हिंसेचा अभिसंधी’ ह्यांतील जो भेद टीकाकाराने केला, तो आधुनिक कायद्याच्या कसोटीशी जवळचे नाते सांगतो. आततायीच्या हातात काय आहे ह्यापेक्षा, निवारण करणाऱ्याचा हात कशासाठी उठला, हे तेथे महत्त्वाचे ठरले.

‘आततायी’ ह्या शब्दाचा पुढील प्रवासही लक्षणीय आहे. आजच्या मराठीत ‘आततायीपणा’ म्हणजे अविचार, टोकास जाण्याची प्रवृत्ती. जो शब्द पूर्वी चाल करून येणाऱ्यास लावला जाई, तो आता बचावाच्या भरात मर्यादा ओलांडणाऱ्यासही सहज लागू होतो. शब्दाने जणू पक्ष बदलला आहे.

२. १८६० ची संहिता

आधुनिक कायद्याचा आरंभ मेकॉले ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यापासून धरावा लागतो. मसुद्यावरील टिपणांत आयोगाने बचावाच्या हक्काविषयी आपला कल स्पष्ट सांगितला होता. हिंदुस्थानातील लोक बचावात मर्यादा ओलांडतात अशी आयोगाची तक्रार नव्हती. ते दरोडेखोरांपुढे व पुंडांपुढे फार निमूटपणे मान तुकवतात, अशी होती. म्हणून हा हक्क संकुचित करण्यापेक्षा तो वापरण्याचे धैर्य लोकांत यावे, असा दृष्टिकोण मसुद्यात आला. ह्या मतात राज्यकर्त्यांचा अहंकार डोकावतो हे खरे. परंतु त्याचा परिणाम म्हणून हक्काची मांडणी उदार झाली.

१८६० चा ४५ वा अधिनियम १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातील ९६ ते १०६ ही कलमे ह्या हक्काची होत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच ३४ ते ४४ ह्या क्रमांकांनी आली असून आशयात मूलभूत फरक नाही. ह्या कलमांची रचना भाषेच्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

पहिली गोष्ट अशी की, हा हक्क केवळ ‘स्वसंरक्षणाचा’ नाही. कलम ९७ प्रमाणे तो दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि काही अपराधांविरुद्ध आपल्या वा दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही आहे. मराठीत रूढ झालेले ‘स्वसंरक्षण’, ‘आत्मसंरक्षण’ हे शब्द म्हणूनच अपुरे पडतात. ‘खाजगी बचाव’ हा शब्दप्रयोग कानास रुक्ष लागतो; पण बचाव शासनाने न करता व्यक्तीने केला, एवढेच त्याला सांगावयाचे असल्याने तोच अधिक नेमका आहे.

दुसरी गोष्ट हत्याराची. प्रतिपक्षाचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा जातो, ते कलम १०० सांगते. त्या यादीत तलवार, बंदूक, भाला ह्यांपैकी एकही नाम नाही. मृत्यूची वाजवी धास्ती, जबर दुखापतीची वाजवी धास्ती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या उद्देशाने केलेला हल्ला, अशा क्रिया व परिणाम तेथे आहेत. जबर दुखापतीची व्याख्या कलम ३२० मध्ये होती, ती आता नव्या संहितेच्या ११६ व्या कलमात आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, हाड मोडणे वा निखळणे, दात पडणे ही तिची उदाहरणे होत. हाड मोडण्यास काठी पुरेशी असते, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

तिसरी गोष्ट घातक हत्यारांची. कलम ३२४ व ३२६ मध्ये शिक्षा वाढविण्यासाठी हत्यारांचा उल्लेख करावाच लागला. तेथे गोळी झाडण्याची, भोसकण्याची किंवा कापण्याची साधने सांगून पुढे जोडलेले आहे की, आक्रमणाचे हत्यार म्हणून वापरल्यास ज्याने मृत्यू येण्याचा संभव आहे असे कोणतेही साधन. ‘वापरल्यास’ हे पद निर्णायक आहे. घरच्या वरवंट्यास कोणी शस्त्र म्हणत नाही. पण डोक्यात घातला तर तो ह्या व्याख्येत बसतो. वस्तूचा वर्ग तिच्या नावाने न ठरता वापराने ठरतो.

ह्या उदारतेस कलम ९९ ने लगाम घातला. शासनाच्या आश्रयास जाण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही, आणि बचावासाठी अवश्य त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो कधीच जात नाही. कलम १०२ प्रमाणे धोक्याची वाजवी धास्ती निर्माण होताच हक्क सुरू होतो आणि ती धास्ती असेतोवरच टिकतो. पहिला घाव खाईपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. शेवटचा घाव चुकल्यानंतर सूड घेण्याची मुभाही नाही.

३. परभणी : दोन संहितांच्या मध्ये

ब्रिटिश मुलुखात १८६२ पासून लागू असलेली ही संहिता परभणीस मात्र जवळजवळ नव्वद वर्षे उशिरा पोचली. निजामाच्या राज्यात ‘ताजिराते आसफिया’ ही स्वतंत्र दंडसंहिता होती. तिचा साचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या संहितेचाच होता. परंतु कलमांचे क्रमांक वेगळे होते आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. खुनाच्या शिक्षेचे कलम तेथे ३०२ नसून २४३ होते. १८६० च्या संहितेचा ‘ताजिराते हिंद’ हा उर्दू अनुवाद करणाऱ्यांत प्रसिद्ध कादंबरीकार नझीर अहमद होते, आणि तेच पुढे १८७७ मध्ये हैदराबाद संस्थानच्या सेवेत आले, हा योगायोग भाषेच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे.

उर्दू कायदेभाषेत ह्या हक्कास ‘हक्के हिफाजते खुद इख्तियारी’ असे नाव आहे. त्याचा शब्दशः भाव ‘स्वतःच्या अखत्यारात केलेल्या रक्षणाचा हक्क’ असा होतो. इंग्रजी संज्ञा शासन आणि व्यक्ती ह्यांत भेद करते, उर्दू संज्ञा अधिकार कोणाचा हे सांगते, तर मराठीत लोकमान्य झालेली ‘स्वसंरक्षण’ ही संज्ञा रक्षण कोणाचे हे सांगते. एकाच हक्काच्या ह्या तीन नावांनी त्याच्या तीन बाजू दाखविल्या.

परभणीच्या खेड्यातील शेतकरी मराठीत बोले, पोलिसांचा व न्यायालयाचा व्यवहार उर्दूत चाले आणि अपील हैदराबादेस जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाईनंतर निजामाची सत्ता संपली. परंतु कायदा लगेच बदलला नाही. ‘ब’ वर्गातील राज्यांसंबंधीच्या १९५१ च्या अधिनियमाने १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता हैदराबाद राज्यास लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे एकाच पिढीने आपल्या हयातीत दंडसंहिता, न्यायालयीन भाषा आणि उच्च न्यायालय ही तिन्ही बदललेली पाहिली. धुऱ्यावरची काठी मात्र तीच राहिली.

४. काठी : शस्त्र की शेतीचे साधन?

मराठवाडा ज्या कायदेव्यवस्थेत आला, तिच्यातही काठीविषयी एकमत नव्हते. मुंबई पोलिस अधिनियम, १९५१ (आजचा महाराष्ट्र पोलिस अधिनियम) ह्याच्या ३७ व्या कलमाने शांततेसाठी काही वस्तू बाळगण्यास बंदी करण्याचा अधिकार दिला. त्या कलमावरून निघणाऱ्या मनाई आदेशांत शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या अशी मालिका आणि शेवटी ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ हे शेपूट असते. सणांच्या व निवडणुकांच्या दिवसांत वृत्तपत्रे वाचणाऱ्यास ही मालिका पाठ झालेली असेल. तीत काठी तलवारीच्या पंक्तीस बसलेली आहे.

त्यानंतर आठच वर्षांनी संमत झालेल्या शस्त्र अधिनियम, १९५९ ने ‘शस्त्रे’ ह्या शब्दाची व्याख्या करताना याच्या नेमके उलट केले. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी असलेल्या वस्तू त्या व्याख्येतून वगळल्या आणि त्यांची उदाहरणे म्हणून लाठी आणि हातात धरून चालण्याची साधी काठी ह्यांचीच नावे घेतली. एका अधिनियमात जिला प्रतिबंध, तीच दुसऱ्यात निरुपद्रवी.

येथे विसंगती आहे असे वरवर वाटते. वस्तुतः ती नाही. शस्त्र अधिनियमास परवाना कशास लागावा हे ठरवावयाचे आहे, पोलिस अधिनियमास जमावाच्या हातात काय नसावे हे ठरवावयाचे आहे. दोन्ही ठिकाणी नामांची यादी हे प्रशासनाचे साधन आहे. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा ह्या यादीतील नाम बचावाच्या हक्काच्या प्रश्नात आणून बसविले जाते आणि ‘लाठी हे शस्त्र नव्हे, सबब भाला अवाजवी’ असा युक्तिवाद उभा राहतो.

५. तीन निर्णय

सर्वोच्च न्यायालयाच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न कटनी येथील एका खटल्यातून आला. कटनी तेव्हाच्या मध्यप्रदेशात होते. त्या राज्याची राजधानी आणि उच्च न्यायालय नागपुरास होते, आणि विदर्भातील मराठी मुलूखही त्याच राज्यात होता. ५ मार्च १९५० रोजी कटनीत निर्वासित सिंधी आणि स्थानिक मुसलमान ह्यांच्यात दंगा उसळला. जमावाने अमजद खान ह्यांच्या भावाच्या दुकानात शिरून लूट केली आणि मग तो त्यांच्या दुकानाच्या दारावर लाठ्या मारू लागला. त्यांनी बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक मनुष्य मेला, तिघे जखमी झाले. जमावाच्या हातात लाठ्या, आणि दार अजून तुटलेले नव्हते. खालच्या न्यायालयांनी त्यांस दोषी धरले.

१९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरचेच, तेथील उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. बाजूचे दुकान लुटले जात असताना, आपले दार फुटून लूट सुरू होईपर्यंत थांबा, असे त्या मनुष्यास सांगता येणार नाही. तोवर फार उशीर झाला असता, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा. अशा प्रसंगातील कृत्य फार बारीक तराजूत, सोन्याच्या तराजूत, तोलता येत नाही, असेही त्यांनी म्हटले. मराठीत आपण ह्यास सोनाराचा काटा म्हणू. हाच विचार जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेत न्यायमूर्ती होम्स ह्यांनी १९२१ मध्ये, उगारलेल्या सुरीपुढे उभ्या असलेल्या मनुष्याकडून अलिप्त चिंतनाची अपेक्षा करता येत नाही असे म्हटले होते. जमैकातून आलेल्या एका अपिलात इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने १९७१ मध्ये तेच तत्त्व सांगितले.

लाठीचा प्रश्न अधिक सरळपणे उत्तर प्रदेशातील देवनारायण खटल्यात आला. जमिनीच्या ताब्यावरून झालेल्या मारामारीत त्याच्या डोक्यावर लाठी बसली आणि त्याने भाल्याने केलेल्या वारात एक मनुष्य मेला. समोरच्यांनी लाठ्याच वापरल्या होत्या, म्हणून भाला चालविणे मर्यादेबाहेरचे, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. १९७३ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायमूर्ती दुआ ह्यांनी ही विचारसरणीच नाकारली. डोके हे शरीराचे नाजूक अंग आहे. अशा मारामारीत डोक्यावर आलेल्या लाठीने मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी धास्ती निर्माण होऊ शकते. आरोपी निर्दोष ठरला. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ह्या निर्णयाचे महत्त्व हे की, त्यात ‘लाठी’ ह्या नामाऐवजी ‘डोक्यावर लाठी मारणे’ ही क्रिया तोलली गेली.

तिसरा निर्णय ह्या तत्त्वाची दुसरी बाजू दाखवितो. पंजाबातील जयदेव खटल्यात जमिनीच्या तंट्यातून झालेल्या गोळीबारात सहा माणसे मेली. १९६२ मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी बचावाच्या हक्काचे मूळ गृहीत सांगितले : सुव्यवस्थित समाजात नागरिकांच्या रक्षणाचे काम शासनाचे असते, आणि ते साह्य वेळेवर मिळणे शक्य नसेल तेथेच व्यक्तीस बचाव करता येतो. धोका सरल्यावर, प्रतिपक्ष पळू लागला असता झाडलेल्या गोळ्या त्या हक्कात बसत नाहीत. दोषसिद्धी कायम झाली. गुजरातेतील योगेंद्र मोरारजी खटल्यातही (१९८०) दगडफेकीस रिव्हॉल्व्हरने दिलेले उत्तर मर्यादेबाहेर गेले असे ठरले.

हे निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की, काठी किंवा दगड समोर असला म्हणून बंदूक आपोआप अवैध ठरत नाही, आणि तेवढ्यावरून ती वैधही ठरत नाही. किती जण होते, घाव कोठे बसत होता, दार किती वेळ टिकले असते, पळणारा कोण होता, ह्या गोष्टी निकाल ठरवितात. हत्याराचे नाव हा त्यांतील एक पुरावा आहे. दर्शनसिंग खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने ह्या विषयावरील तत्त्वे एकत्र मांडली, तेव्हाही भर वाजवी धास्तीवरच राहिला.

मर्यादा ओलांडली तरी कायदा सर्वस्वी पाठ फिरवीत नाही. सद्भावाने बचाव करताना, पूर्वसंकल्प न करता, अवश्य त्याहून अधिक इजा करण्याचा हेतू नसता मनुष्य मारला गेला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. बचावाचा हक्क दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु तो संभाव्यतेच्या पातळीवरचा आहे. त्याने तो हक्क तोंडाने सांगितला नाही, तरी पुराव्यातून दिसत असल्यास न्यायालयाने त्याचा विचार करावा, असे मुनशीराम खटल्यात (१९६८) म्हटले आहे. अशिक्षित आरोपीच्या दृष्टीने हे तत्त्व मोलाचे होय.

६. न मारणारी हत्यारे

जी साधने सहसा जीव घेत नाहीत, त्यांच्याविषयी अलीकडच्या काळात कायद्याने एक लक्षणीय पाऊल टाकले. २०१३ च्या दुरुस्तीने कलम १०० मध्ये सातवा प्रकार घातला गेला : ॲसिड फेकणे, पाजणे किंवा तसा प्रयत्न करणे, ज्यायोगे जबर दुखापतीची वाजवी धास्ती निर्माण होते. पूर्वीच्या सहा प्रकारांत एकाही साधनाचे नाव नव्हते; येथे प्रथमच एक पदार्थ नावाने आला. जबर दुखापतीच्या जुन्या प्रकारात हे कृत्य बहुधा बसलेच असते. तरीही विधिमंडळास नाव घ्यावेसे वाटले. बाटलीतील द्रवास ‘हत्यार’ म्हणण्यास भाषा कचरते, आणि समोरच्या स्त्रीने तो उडण्यापूर्वी काय करावे, ह्या प्रश्नात हा संकोच परवडणारा नाही, असा ह्याचा अर्थ लावता येतो. मात्र नामासोबत धास्तीची अट कायम राहिली, हे विसरता कामा नये.

डोळ्यांत फेकलेले तिखट ह्याच्या अलीकडे राहते. तिखटाने सहसा दृष्टी जात नाही, म्हणून नुसत्या तिखटास गोळीने उत्तर देणे सामान्यतः मर्यादेबाहेरचे ठरेल. परंतु तिखट डोळ्यांत जाताच समोरच्याने सुरा काढला, तर तेच तिखट मोठ्या हल्ल्याचा पहिला टप्पा होते. येथेही नामाने उत्तर मिळत नाही.

काठीचा आणखी एक धारक म्हणजे पोलिस. कलम ९९ (आता ३७) प्रमाणे लोकसेवक सद्भावाने आपल्या पदाच्या नात्याने काही करीत असेल, तर ते कृत्य काटेकोरपणे कायदेशीर नसले तरी त्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असल्यास मात्र हा अडसर राहत नाही. म्हणजे धुऱ्यावरची लाठी आणि बंदोबस्तावरची लाठी लाकडाने एक असली तरी कायद्याने एक नाहीत.

७. पंचनाम्याची भाषा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले असले, तरी खटल्याचा पाया गावात, फिर्याद व पंचनामा लिहिताना घातला जातो; आणि तेथे नामांचे राज्य आहे. मराठवाड्याच्या बोलीत मारण्याच्या साधनांना सूक्ष्म भेद करणारी नावे आहेत : काठी, लाठी, सोटा, बडगा, दांडके, आणि अवजारांपैकी रुमणे. कुऱ्हाडीचेही दोन भाग बोलीत वेगळे आहेत : धार आणि तुंबा. ‘कुऱ्हाडीने मारले’ आणि ‘कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारले’ ह्यांत साक्षीदार जो भेद करतो, तो कागदावर उतरताना ‘कुऱ्हाडीने’ एवढाच उरला, तर कापणारे साधन आणि बोथट साधन एक होऊन जातात. उलट रुमण्यास ‘काठी’ म्हटले, तर जड, गाठाळ लाकडाचे वजन त्या शब्दात मावत नाही.

‘मुका मार’ हा असाच एक शब्दप्रयोग. रक्त न आलेल्या, कातडी न फाटलेल्या माराचे हे नाव. हा मार बोलत नाही, म्हणून तो हलका, असे ऐकणाऱ्यास वाटते. पण डोक्यावरील मुक्या माराने कवटीच्या आत रक्तस्राव होऊन मृत्यू येऊ शकतो, आणि हाताचे हाड मोडल्यास तोच मार कायद्याच्या भाषेत जबर दुखापत होतो. बचाव करणाऱ्यास आधी ‘मुका मार’ बसला होता, अशी नोंद झाली म्हणजे त्याची धास्ती वाजवी नव्हती असा समज नकळत तयार होतो. ह्याउलट ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ हे ठराविक पद फिर्यादीत घातले, की साध्या धक्काबुक्कीसही प्राणघातक हल्ल्याचे रूप येते. एका ठिकाणी शब्द धोका लपवितो, दुसऱ्या ठिकाणी तो निर्माण करतो. दोन्हीकडे फटका माणसासच बसतो, कधी आरोपीस, कधी मृताच्या पोरक्या मुलांस.

वरील विवेचनावरून भाषेच्या अभ्यासकापुढे एक निश्चित काम उभे राहते. परभणी आणि शेजारच्या जिल्ह्यांत हाणामारीच्या साधनांना व मारण्याच्या क्रियांना जी नावे आहेत, त्यांचा अर्थासह, आकार व वजनासह कोश तयार व्हावा. हाणणे, ठोसणे, खुपसणे, टोला देणे, फटका मारणे ही क्रियापदे त्यात नामांइतक्याच काळजीने नोंदली जावीत. १९५१ पूर्वीची उर्दू आणि नंतरची मराठी न्यायालयीन कागदपत्रे जेथे उपलब्ध होतील तेथे ती समोरासमोर ठेवून, एकाच साधनाचे दोन भाषांतील नाव कसे बदलले हे पाहता येईल. ज्यांना विधिशास्त्र व भाषाशास्त्र ह्यांच्या सीमेवर संशोधन करावयाचे आहे अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हा विषय सुचवावासा वाटतो. आरंभ पंचनाम्यांतील क्रियापदांपासून करावा. कारण संहितेच्या कर्त्यांनी हा प्रश्न हल्लेखोराच्या कृतीवर सोपविला होता आणि आपल्या नोंदींत तीच सर्वांत कमी नोंदली जाते.